सवतीला भेटायला उम्म अल कुवैनला

माझी सवत मी उभ्या आयुष्यात पहिल्यांदा जवळून पाहिली ती उम्म अल कुवैनच्या खाडीत. ओहोटी होती. एका कुशीवर कलंडून पडली होती, रंगाचे पोपडे सुटलेले, पोटाला कालवं चिकटलेली. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फारच बरं वाटलं.

सवत म्हणजे बाई नव्हे. फत्तेमारी. आमच्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर शिडाची मालवाहू गलबतं असायची, त्यांतली एक. नाव सलामती. आमच्या ह्यांनी भावकीत मिळून ती बांधली आणि बांधल्यापासून चौदा वर्षं तिच्यावर तांडेल होते. तांडेल म्हणजे गलबताचा कप्तान. गावात कोणी ह्यांचं नाव घेत नाही, सगळे तांडेल म्हणतात, मीही तांडेलच म्हणते. मी गावच्या मराठी शाळेत मास्तरीण. पोरं मी वाढवली, सासू-सासऱ्यांचं दुखणंखुपणं मी काढलं, आणि तांडेल वर्षाचे आठ महिने तिच्याबरोबर. पावसाळ्यात घरी यायचे तेव्हाही ती नांगरून ठेवलेली असायची तिकडे तोंड करून जेवायला बसायचे.

मग कुवेतची लढाई आली. सलामती कांदे आणि मंगलोरी कौलं घेऊन तिथल्याच धक्क्याला लागली होती. सैनिक आले. त्यांनी खलाशांना उतरवलं, फत्तेमारी मालासकट ताब्यात घेतली आणि आपल्या कामाला जुंपली. तांडेल आणि अकरा खलाशी महिनाभर एका गोदामात कोंडलेले. पुढे बसने वाळवंट तुडवत अम्मान, तिथून विमानाने मुंबई. घरी आले तेव्हा अंगावर दुसऱ्याच कुणाचा शर्ट होता. मी उंबऱ्यात उभी राहून रडत होते आणि ह्यांचं पहिलं वाक्य काय, तर, "ती तिथेच राहिली गं."

मी इथे राहिले होते, घास गिळत नव्हता इतके दिवस, ते दिसलं नाही!

त्यानंतरची आठ वर्षं तांडेल घरी होते. शरीराने तरी. मला तेवढंही पुरत होतं. म्हणून लेकीने दुबईला बोलावलं तेव्हा मी दिवाळीच्या सुट्टीला जोडून रजा काढली आणि खुशीत निघाले. नात पाहायची, लेकीच्या हातचं खायचं, जमल्यास सोन्याच्या बाजारात नुसतं फिरून यायचं. बाकी काही डोक्यात नव्हतं. माझ्या डोक्यात नव्हतं, एवढंच म्हणते.

अल कुसैस

लेक नसीम आणि जावई रफीक अल कुसैसला राहतात, शारजाच्या हद्दीला लागून. इमारतीत खाली मंगलोरचा न्हावी, वर कऱ्हाडचे केटरिंगवाले, समोर आमच्याच तालुक्यातली तीन घरं. मी बुरखा घालू की साडी, याची महिनाभर चर्चा केली होती. जिन्यात पहिली भेटलेली बाई नऊवारीत होती आणि "सुकट आणलंय का हो?" असं विचारत होती. आणलं होतं. बोंबीलही आणले होते, आठ पदरी प्लॅस्टिकमध्ये बांधून, तरी विमानतळावर पेटी उघडल्यावर अधिकाऱ्याने नाकाला रुमाल लावला आणि "यल्ला, यल्ला" म्हणत हाताने पुढे हाकललं.

नात सना पाच वर्षांची. मी तिला "ये गं माझी सोनी" म्हटलं, तर आईला म्हणाली, "मम्मी, व्हाय इज शी क्राइंग?" तीस-तीस पोरांना बाराखडी शिकवणारी मी, स्वतःच्या नातीपुढे मुकी. तांडेलांचं मात्र तिच्याशी लगेच जमलं. दोघं गॅलरीत बसून कागदाच्या होड्या करायला लागली. माझ्याशी बोलायला हिला भाषा नाही आणि ह्यांच्याशी होड्यांतून गप्पा! मी आत जाऊन चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी नसीम मला मोठ्या सुपरमार्केटमध्ये घेऊन गेली. तिथे बर्फात ठेवलेले फणसाचे गरे होते, मोजून आठ, प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये. आठ दिरहम. मी मोठ्याने हिशेब केला, "म्हणजे नव्वदच्या वर रुपये! अकरा रुपयांना एक गरा!" नसीमने मला कोपराने ढोसलं. पण माझे डोळे भरून आले होते, आणि ते किमतीने नव्हे.

आमच्या परसात एक बरका फणस होता. लग्न होऊन आले तेव्हा सासूने मला तिच्या दोरीवर कपडे वाळत घालू दिले नाहीत, तिची दोरी तिची. मी रागाने त्या फणसाच्या बुंध्याला स्वतःची दोरी बांधायला तीन खिळे मारले. हातोडी कोण देणार नव्या सुनेला, म्हणून वरवंट्याने ठोकले. तिन्ही वाकडे गेले, दोन जवळ-जवळ आणि एक लांब. तांडेल किती हसले होते! पण त्या घरात माझी म्हणावी अशी पहिली जागा तीच. पुढे धाकट्या सलीमच्या बाळंतपणाला मी माहेरी गेले आणि तीन महिन्यांनी परत आले, तर फणस नाही. "वादळात पडला," तांडेल म्हणाले. मुळं उकरून खड्डासुद्धा बुजवलेला. तेव्हा दर्यावर सलामतीची बांधणी संपत आली होती, ह्यांना बोलायला सवड नव्हती. मी फणसासाठी आठवडाभर रडले, त्याच्या रसाची सांदणं करणं सोडलं ते सोडलंच.

गरे घेतले नाहीत. घरी आलो तर रफीक ऑफिसातून लवकर आलेला. हमरियाच्या फ्री झोनमध्ये तो लॉजिस्टिकचं काम बघतो. तांडेल त्याच्यासमोर खुर्चीच्या टोकावर बसलेले, चेहरा असा की जणू निकाल लागायचाय.

"अम्मी, न्यूज आहे," रफीक म्हणाला. "अब्बांनी मला सहा महिन्यांपूर्वी लेटर पाठवलेलं, सलामतीची इन्क्वायरी कर म्हणून. मी पोर्टच्या लोकांना विचारत होतो. उम्म अल कुवैनला एक जुनी इंडियन फत्तेमारी आहे. नाइन्टी पर्सेंट तीच असणार."

सहा महिन्यांपूर्वी! लेकीशी फोनवर दोन मिनिटं बोला म्हटलं की ह्यांना झोप यायची, आणि तिच्यासाठी पत्र! मी तांडेलांकडे पाहिलं. त्यांनी सनाची कागदी होडी उचलून उलटसुलट करून पाहिली.

"पुढे ऐक ना," रफीक म्हणाला. "ओनर आहे बू राशिद, ओल्ड मॅन. त्याला तिची मजलिस करायचीय, म्हणजे पाहुण्यांना बसवायची बैठक. पण शिडासकट, जशी होती तशी. त्याला तिचाच तांडेल पाहिजे. जो प्रूव्ह करेल की ही माझी, त्याला दोन वर्षांचा व्हिसा, तिच्यावरच राहायचं, तिचं सगळं बघायचं."

"आणि प्रूव्ह नाही झालं तर?" मी विचारलं.

"तर खलास. फिरायला आलो, फिरून गेलो."

मी त्या क्षणी ठरवलं की काय मागायचं. मी नमाजाला बसले आणि अल्लाला सांगितलं, ती दुसरीच कुठलीतरी निघू दे.

हमरियावरून पुढे

रस्त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. सपाट, सरळ, दोन्ही बाजूंना वाळू. आमच्याकडे वळणावर हॉर्न दिल्याशिवाय पुढचं गाव येत नाही, इथे तासभर वळणच नाही. हमरियाला रफीकने फ्री झोनची गोदामं दाखवली, लांबच्या लांब, पत्र्याची, एकासारखं एक. तांडेलांनी बघितलंच नाही. त्यांनी त्या दिवशी पांढरा सदरा घातला होता, सलीमच्या लग्नासाठी शिवून ठेवलेला. दाढी कातरली होती, अत्तर लावलं होतं. माझ्या लग्नात एवढं आवरलं होतं का, ते आठवायचा प्रयत्न करत मी मागच्या सीटवर बसले होते.

उम्म अल कुवैन

खाडी शांत, खारफुटीत पांढरे बगळे, पलीकडे मातीच्या रंगाची जुनी घरं. अगदी आमच्या खाडीसारखी, फक्त नारळ नाहीत. आणि तिथे ती.

तांडेल गाडी थांबायच्या आधीच उतरले. जवळ गेले, तिच्या पोटावर तळहात ठेवला आणि तसेच उभे राहिले. मी चपलेत गेलेली वाळू झटकत राहिले.

बू राशिद सत्तरीचा, बारीक, एका डोळ्यात फूल पडलेलं. तरुणपणी मुंबईला जाऊन-येऊन असायचा, त्यामुळे हिंदी बोलायचा. त्याचा मॅनेजर चाळिशीचा, घामेजलेला, हातात फाइल. दोन खुर्च्या मांडल्या, कॉफी आली, बोटभर पेल्यात, वेलचीची, बिनसाखरेची. मी पेला रिकामा करून पुढे केला, नोकराने भरला. परत केला, परत भरला. आपल्याकडे रिकामं भांडं पुढे केलं की झालं. इथे पेला हलवून दाखवेपर्यंत ओतत राहतात, हे मला सातव्या पेल्याला रफीकने सांगितलं. छातीत धडधड व्हायला लागली होती. ती कॉफीनेच असेल.

"आओ बहन, उपर आओ," बू राशिदने शिडी दाखवली.

मी तांडेलांकडे पाहिलं. आमच्याकडे बायकांनी फत्तेमारीवर पाय ठेवायचा नाही अशी रीत. बायको धक्क्यापर्यंत, पुढे नाही. चौदा वर्षांत मी तिला लांबूनच पाहिलेली. तांडेलांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "जा. आता ती कुठे जाणारे."

पुरुषमंडळी डेकवर डोलकाठीचा बुंधा बघत राहिली. मी मागच्या बाजूला गेले, तिथे वाकून जावं लागेल अशी एक खोली होती. तांडेलांची झोपायची जागा हीच असणार. इथे झोपायचे तर! माझ्याकडे पाठ करून झोपणारा माणूस इथे कसा झोपत असेल, ते मला बघायचं होतं. भिंतींना कुणीतरी प्लायवूड मारलेलं, ते एका कोपऱ्यात फुगून सुटलं होतं. मी बोट घालून ओढलं.

आत जुनी फळी. सागाची नव्हे, पिवळसर, मधासारखी. फणसाचं लाकूड मला कुणी ओळखायला शिकवायला नको. आणि फळीत तीन काळी वर्तुळं. मधोमध लोखंडाचे कापलेले ठिपके, भोवती लाकूड काळं पडलेलं. दोन जवळ-जवळ, एक लांब.

मी तिथेच खाली बसले. वादळात पडला म्हणे!

बावीस वर्षं. सासूला माहीत, दिराला माहीत, अख्खी वाडी गप्प. माझा नवरा नेला तो नेला, माझं झाडसुद्धा हिने खाल्लं होतं. मला इतका संताप आला की मी त्या फळीला एक चापट मारली. हात मात्र मलाच लागला. मग प्लायवूड होतं तसं दाबून बसवलं आणि वर आले.

वर चौकशी सुरू झाली होती.

"तांडेल," बू राशिद म्हणत होता, "तुम्हारे पहले चार आदमी आया. एक गुजरात का, दो मलबार का, एक इधर का. चारों बोला, मेरा है. कागज किसी के पास नहीं. तुम एक चीज बोलो जो दिखता नहीं, फिर हम देखेगा."

तांडेल घसा खाकरून म्हणाले, "सुकाणू के नीचे शिसे का पत्रा है, मैंने खुद मारा."

"सुकाणू नया है," मॅनेजर फाइलमध्ये बघून म्हणाला. "शारजा में डाला."

"नाळ पे सात पाकळी का फूल है."

"सामने का सब लकडी बदला है, चाचा. टक्कर हुआ था."

"इंजिन के नीचे..."

"इंजिन निकाला."

"डोलकाठी का खाचा..."

"कट गया." मॅनेजर हसायला लागला. "चाचा, पांचवा आदमी आप. सब को यही फूल, यही सुकाणू."

तांडेलांनी मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. आणि मग माझ्याकडे. मी त्यांची बायको आहे, तीस वर्षं झाली. ती नजर मला पुरती वाचता आली. त्यांच्याकडे खूण होती. ती सांगितली असती तर तिथल्या तिथे काम झालं असतं. पण माझ्यासमोर सांगायची त्यांची छाती नव्हती.

"और कुछ?" बू राशिदने विचारलं.

"नहीं," तांडेल म्हणाले. "और कुछ नहीं."

आणि मी? मी ओढणी सारखी केली आणि गप्प बसले.

परत अल कुसैस

दोन दिवस मी राणी होते. घावणे केले, नारळाचं दूध काढलं, कऱ्हाडच्या बाईंना बोलावून खायला घातलं. तांडेल भिंतीकडे तोंड करून पडून होते. सनाने होडी नेऊन दिली, तीही घेतली नाही. "नाना इज सिक," ती म्हणाली, आणि या वेळी मला कळलं.

तिसऱ्या दिवशी तांडेल उठून बसले आणि म्हणाले, "मास्तरीण, रफीकला सांग, तिकिटं आधीची करायला. घरी जाऊ."

हेच हवं होतं मला. शब्दाला शब्द. पण तोंडून दुसरंच निघालं. मी म्हटलं, "शुक्रवारी बू राशिदने जेवायला बोलावलंय. नाही गेलो तर बरं दिसणार नाही."

"मी येत नाही. मला खोटा म्हणतात."

"येताय तुम्ही," मी म्हटलं.

शुक्रवार

मासा आणि भात, एकाच परातीत, सगळे भोवती बसून. मला आणि नसीमला बू राशिदच्या बायकोने आत वेगळं वाढलं, पण मध्ये नुसता पडदा होता आणि तो उघडाच. माशाला सुकं लिंबू घातलेलं. आमच्याकडे कोकम, इथे हे. मान्य करते, छान लागतं.

जेवण झाल्यावर बू राशिदने तिची कुंडली सांगितली. ती मी इथे देते, कारण कुणाला तरी माहीत असायला हवी. पकडल्यावर सैनिकांनी कांदे खाल्ले, कौलं समुद्रात टाकली आणि तिच्यावर पिण्याच्या पाण्याची पिंपं वाहिली. एका नाकेबंदीत दुसऱ्या बाजूच्या गस्तीच्या नावेने तिला पाण्याच्या पिंपांसकट धरलं, म्हणजे एकाच लढाईत दोनदा पकडली गेली. तिच्यावर पांढऱ्या रंगाने आकडा घातला. लढाई संपेपर्यंत ती एका बंदरात पहारेकऱ्यांना झोपायला होती. मग लिलाव. पहिला धनी तिच्यातून मेंढ्या आणायचा, तिला हिरवा रंग दिला. दुसऱ्याने टायर आणि फ्रीज नेले, निळा रंग दिला. तिसऱ्याने इंजिन काढून विकलं आणि तिला किनाऱ्याला सोडून दिलं. दर धन्याने नवं नाव दिलं. बू राशिदने बोटं मोजली, "चार नाम."

मी पडद्याआडून ऐकत होते. चार नावं, पाच धनी, अंगावर थरांवर थर रंग. आणि आमचे तांडेल एकेका वाक्यावर असे कळवळत होते की मेंढ्या जणू त्यांच्याच छातीवर चढवल्या होत्या. माझा जळफळाट पुन्हा सुरू झाला. मी तीस वर्षं एकच नाव लावून बसले, त्याचं काय?

तेवढ्यात मॅनेजर दात कोरत म्हणाला, "चाचा, सच बोलो अभी. व्हिसा के लिए आया था ना? बुढापे में झूठ अच्छा नहीं."

तांडेलांची मान खाली. पांढऱ्या सदऱ्यावर रस्सा सांडला होता तो बोटाने पुसत बसले.

मी उठले. नसीमने माझा पदर धरला, तो सोडवला. माझ्या नवऱ्याला खोटं म्हणायचा हक्क माझा आहे, दुसऱ्या कुणाचा नाही. मी पडदा सारून बाहेर गेले आणि माझ्या शाळेतल्या आवाजात, शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा, म्हणाले:

"पीछे का खोली में, प्लायवूड के अंदर, फणस का फळी है. फळी में तीन खिळा है. दो पास-पास, एक दूर. वो खिळा मैंने ठोका है. वरवंटे से. वो झाड मेरा था."

रफीकने वरवंट्याचं भाषांतर करायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. बू राशिद माझ्याकडे त्या एका चांगल्या डोळ्याने बघत राहिला. मग उठला, काठी घेतली आणि म्हणाला, "यल्ला."

सगळे खाडीवर गेलो. मॅनेजरने स्वतः प्लायवूड उचकटलं. पूर्ण फळी उघडी पडली, हातभर रुंद, पुरुषभर लांब. बू राशिदने एकेका वर्तुळावर बोट ठेवलं. "वाहिद, इथनैन, तलाता," त्याने मोजलं, मग तांडेलांचा हात धरून हलवला. मॅनेजर फाइल उघडून त्यात काहीतरी लिहायला लागला, मान वर न करता.

मी तांडेलांना मराठीत विचारलं, सगळ्यांसमोर, बू राशिदला आणि मॅनेजरला कळणार नव्हतं म्हणून. "वादळ कुठल्या दिशेचं होतं हो?"

"लाकूड कमी पडलं होतं," ते पुटपुटले. "पावसाळा तोंडावर. तू माहेरी. विचारायला हवं होतं."

"मग इथे उशाशी कशाला लावली? तळाला मारायची होती, खाऱ्या पाण्यात कुजू द्यायची."

"लोखंड लागलेली फळी मिस्त्री घेईना. जाळायला टाकत होता. मी म्हटलं, दे, मी माझ्या उशाला लावतो." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "चौदा वर्षं तिथेच डोकं टेकून झोपलो."

एवढा रागाचा साठा करून आणलेला, आणि आता ठेवायचा कुठे? पण तो साठा फुकट जाणार नव्हता, कारण लगेच बू राशिदने विचारलं, "रहेगा, तांडेल?" आणि आमचे तांडेल, माझ्याकडे ढुंकूनही न बघता, म्हणाले, "रहेगा."

एवढं सगळं होऊनसुद्धा!

एकटीचा परतीचा प्रवास

शाळा सुरू व्हायची होती. विमानतळावर तांडेल आले, त्यांच्या अंगाला तेलाचा आणि माशाच्या चरबीचा वास येत होता, वयाची वीस वर्षं कमी झाल्यासारखे दिसत होते. मला म्हणाले, "नीट जा." मी म्हटलं, "तिला माझा सलाम सांगा." हसले. मी विनोद केला नव्हता.

गावात सगळ्यांनी विचारलं, तांडेल कुठे? मी म्हटलं, कामाला. वर्गात नकाशा शिकवताना आखाताकडे पाठ करून उभी राहायचे. दर शुक्रवारी फोन यायचा, तिचं शीड कापून झालं, तिला नवीन डोलकाठी मिळाली, ती आता ओहोटीला कलंडत नाही. मी ऐकून घ्यायचे आणि पावसाआधी कौलं शाकारायची आहेत ते सांगायचे. दोन वर्षांचा व्हिसा. मी मोजणं सोडून दिलं होतं.

मे महिन्यात एका सकाळी दारात रिक्षा थांबली. तांडेल उतरले, आणि रिक्षाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेलं, ब्लँकेटमध्ये गुंडाळलेलं लांबडं काहीतरी रिक्षावाल्याने ओढून काढलं. विमानातून आणण्यासाठी ती थोडी कापावी लागली म्हणे, पण तीन खिळ्यांचा भाग पुरता होता.

"हे काय?"

"तुझा फणस."

मी ब्लँकेट बाजूला केलं. "आणि तिकडे? त्या जागी?"

"सागाची फळी मारली. बरोबर बसवली, रेघसुद्धा दिसत नाही." ते पायरीवर बसले, चपला काढल्या. "आता सहावा आला तरी त्याच्याकडेही खूण नाही. माझ्याकडेही नाही. तिथे कशाला राहायचं मग?"

ते पाय धुवायला विहिरीवर गेले. मी फळी मागच्या भिंतीला, खड्डा बुजवला होता त्याच्या शेजारी, उभी करून घट्ट बसवून घेतली. वरवंटा आणला. तीन काळ्या वर्तुळांच्या वर चौथा खिळा मारला आणि दोरी बांधली.

"मास्तरीण, वाकडा गेला," तांडेल विहिरीवरून ओरडले.

"जाऊ दे."

आता रोज संध्याकाळी ते तिथे पाटावर बसतात. तिथून दर्या दिसतो. म्हणून मी कपडे सकाळी धुवत नाही, दुपारनंतर धुते, आणि ओल्या चादरी बरोबर मध्ये वाळत घालते.